हापशाची साखळी

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात देवळामागे हापसा होता. दांडा दाबला की आतली साखळी खडखडायची. त्याचे कागदोपत्री नाव ‘इंडिया मार्क २’, हे मला फार उशिरा कळले. त्याचा पूर्वज सोलापुरातच घडला, हे त्याहून उशिरा.

१९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने हवेच्या दाबावर कठीण खडक फोडणारी बोअरयंत्रे आणली. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रातही बोअरवर भिस्त वाढली. पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या पंपांच्या नकला. तिकडे एका कुटुंबाच्या चार बादल्या, इकडे पहाटेपासून अख्खे गाव रांगेत. १९७४च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा सुमारे ७५ टक्के पंप बंद आढळले. बोअर किती घेतल्या, हे कचेरीत बसून सांगता येते. पाणी किती ठिकाणी येते, ते पाहायला गावोगाव जावे लागते.

जुन्या पंपाच्या खिळी झिजत, भोके लांबट होत, गज तिरका ओढला जाई आणि तुटे. जालना आणि सोलापूर भागातल्या ख्रिस्ती मिशनांशी जोडलेल्या कारागिरांनी यावर उपाय काढला : पोलादी पत्र्याचे जोडकाम, दांड्याला एकच आस, त्यात बेअरिंग आणि गज सरळ वर ओढणारी साखळी. ही काही स्वदेशी विरुद्ध परदेशी अशी सोयीची गोष्ट नाही. मिशनमध्ये माणसे परदेशी होती, पैसाही. फक्त ती माणसे बंद पंपाच्या जवळ राहत होती.

याच सोलापुरी पंपावरून युनिसेफ, मद्रासची यांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी मार्क २ घडवला. कोइमतूर भागात त्याच्या कसून चाचण्या झाल्या आणि १९७०चे दशक सरता सरता उत्पादन सुरू झाले. पेटंट कुणाचेच नव्हते. कोणीही बनवावा, म्हणूनच भारतीय मानक आणि तपासणीही आवश्यक ठरली.

एक अडचण राहिलीच. तळाच्या सिलिंडरमधले चामडी वॉशर बदलायचे तर पाइपांची अख्खी माळ वर काढावी लागे. त्याला तिपाई हवी, माणसे हवीत, गाडी हवी. १९८०च्या दशकातल्या मार्क ३मध्ये पाइप रुंद केला, पाइप न काढता दट्ट्या वर घेता येऊ लागला. तोवर मार्क २ देशभर रोवला गेला होता, आणि मदतीच्या योजनांतून आफ्रिकेतही पोचत होता. सहाराच्या दक्षिणेकडील वीसेक देशांची आकडेवारी २००९मध्ये एकत्र केली गेली, तेव्हा निरनिराळ्या बनावटींचे मिळून तिथले तिसऱ्या हिश्शाहून अधिक हातपंप बंद निघाले.

आमच्याकडे निदान तालुक्याहून गाडी यायची. दांडा हलका लागला की आई म्हणायची, “वायसर गेलं.” तिचे निदान क्वचितच चुके. मग गाडी येईपर्यंत आम्ही पुन्हा जुन्या विहिरीवर.