रेषा आखण्याआधी विचारणा : ग्वाल्हेर परिसरातील वाहतूक नियोजन आणि लोकसहभाग

रस्ता, लोहमार्ग किंवा उड्डाणपूल यांवर होणारा खर्च एकदा झाला की तो मागे घेता येत नाही. चुकीच्या जागी बांधलेली इमारत ओस पडते, पण चुकीच्या जागून गेलेला महामार्ग गावांची बाजारपेठ, शेताचा पाट आणि शाळेची वाट कायमची बदलतो. म्हणूनच प्रादेशिक वाहतूक प्रकल्पांत लोकांचे म्हणणे कोणत्या टप्प्यावर ऐकले जाते, हा प्रश्न निधीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर आणि चंबळ परिसराचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

शिंदेशाहीची छोटी रेल्वे

दौलतराव शिंदे यांच्या छावणीभोवती १८१० नंतर वाढलेले लष्कर, किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर आणि मुरार अशा तीन वस्त्यांचे मिळून आजचे शहर झाले आहे. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ग्वाल्हेरहून भिंड आणि शिवपुरीकडे अवघ्या दोन फूट रुंदीचे लोहमार्ग टाकण्यात आले. तिसरा मार्ग पश्चिमेकडे निघाला. तो १९०४ साली जौरा आणि सबळगडपर्यंत व १९०९ साली श्योपूरपर्यंत पोहोचला. सुमारे २०० किलोमीटरचा हा मार्ग त्या रुंदीच्या रुळांवरील जगातील सर्वांत लांब मार्गांपैकी एक गणला जाई.

हा निर्णय दरबाराचा होता, त्यात रयतेचा कौल घेण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही रयतेने ती गाडी आपलीशी केली. वेग सायकलीपेक्षा फारसा अधिक नव्हता, टपावरही प्रवासी बसत, पण तिकीट परवडणारे होते आणि थांबे गावांजवळ होते. श्योपूर हा सहरिया आदिवासींची मोठी वस्ती असलेला जिल्हा. मजूर, विद्यार्थी, दूध आणि भाजी विकणारे यांच्या दृष्टीने गाडीची किंमत तिच्या वेगावरून ठरत नव्हती.

मार्च २०२० मध्ये ही गाडी थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करून तो पुढे राजस्थानातील कोट्यापर्यंत नेण्याची योजना आहे. ग्वाल्हेरच्या बाजूने हे काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकत आले. रुंद रुळांची गरज कुणी नाकारलेली नाही. मात्र जुनी सेवा बंद होणे आणि नवी सेवा शेवटच्या गावापर्यंत पोहोचणे यांमध्ये काही वर्षांचे अंतर पडते. त्या काळात बस कोणती, भाडे किती, जुन्या थांब्यांपैकी कोणते राहणार, हे प्रश्न अभियांत्रिकी आराखड्यात आपोआप येत नाहीत. ते विचारणारा माणूस नियोजनाच्या बैठकीत असावा लागतो.

दरी की शेत?

दुसरे उदाहरण अटल प्रगती पथाचे, म्हणजे पूर्वीच्या चंबळ द्रुतगती मार्गाचे. कोट्याजवळून निघून श्योपूर, मुरैना व भिंड जिल्ह्यांतून उत्तर प्रदेशातील इटाव्याकडे जाणाऱ्या या सुमारे ४०० किलोमीटरच्या रस्त्याची मूळ कल्पना चंबळच्या ओसाड दऱ्याखोऱ्यांतून जाण्याची होती. परंतु नदीचा मोठा पट्टा घडियाल मगरींसाठी राखलेल्या राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात येतो. पर्यावरणाच्या आक्षेपानंतर आखणी नदीपासून दूर सरकली आणि ती पिकाऊ जमिनीवर आली. तेथे शेतकऱ्यांनी विरोध केला. अखेर २०२३ साली राज्य सरकारने फेरसर्वेक्षणाची भूमिका घेतली.

या घटनाक्रमात कोणत्याही एका पक्षाला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. अभयारण्याची सीमा पूर्वीपासून नकाशावर होती, शेतेही पूर्वीपासून तेथेच होती. वनखाते, ग्रामपंचायती आणि रस्त्याचे अभियंते आखणीपूर्वी एका टेबलाशी बसले असते, तर निदान हा पेच कागदावरच उघड झाला असता. विरोध उशिरा झाला, कारण विचारणा उशिरा झाली.

कायदा कुठे बोलू देतो?

कोणत्याही वाहतूक प्रकल्पात तीन प्रश्न क्रमाने येतात : प्रकल्प हवा का, तो कोठून जावा, आणि ज्यांचे नुकसान होईल त्यांना काय मिळावे. प्रचलित कायदे नागरिकाला मुख्यतः तिसऱ्या प्रश्नावर बोलण्याची संधी देतात. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार भूसंपादनाच्या अधिसूचनेनंतर हरकतीसाठी २१ दिवस मिळतात, तर रेल्वे अधिनियमात विशेष रेल्वे प्रकल्पांसाठी ही मुदत ३० दिवसांची आहे. तोपर्यंत आखणी निश्चित झालेली असते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि त्यावरील जनसुनावणी अनिवार्य केली. परंतु महामार्ग आणि रेल्वे यांचे स्वतंत्र कायदे त्या तरतुदीच्या बाहेर राहिले. भरपाई व पुनर्वसनाचे वाढीव निकष २०१५ पासून त्यांना लागू झाले, सामाजिक परिणामांचा अभ्यास मात्र लागू झाला नाही. पर्यावरणीय परिणामांविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेत मोठ्या महामार्गांसाठी जनसुनावणी आहे, लोहमार्ग मात्र त्या यादीत नाहीत.

पहिल्या दोन प्रश्नांसाठीची जागा राज्यघटनेत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्यासाठी नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत, असा दंडक आहे. १० लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या आणि राज्यपालांनी तसे अधिसूचित केलेल्या क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असते, तिच्यात हे प्रमाण किमान दोन-तृतीयांश आहे. पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास हा विषय घटनेने या समित्यांकडे स्पष्टपणे सोपवला आहे. २०११ च्या जनगणनेत ग्वाल्हेर शहराने १० लाखांचा टप्पा ओलांडला आहे. स्वर्णरेखेच्या पात्रावरील उन्नत मार्ग, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ८८ किलोमीटरचा आग्रा–ग्वाल्हेर सहापदरी मार्ग आणि श्योपूरची रेल्वे यांचा एकत्रित विचार करण्याची जागा हीच ठरते.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे असे म्हटले होते. माणसे कोठून कोठे, कोणत्या वेळी, किती खर्चात जातात याची माहिती वाहनांच्या मोजणीतून पुरेशी मिळत नाही. पायी दवाखान्यात जाणारी बाई त्या मोजणीत येतच नाही.

गोव्याच्या आरशात

गोमंतकीय वाचकाला हा अनुभव परका वाटणार नाही. कोकण रेल्वेच्या आखणीवरून खाजन जमिनींचा प्रश्न पेटला, तेव्हा १९९३ साली गोव्यातील काम काही काळ थांबवून न्या. ओझा आयोग नेमावा लागला. प्रादेशिक आराखडा २०११ लोकक्षोभामुळे २००७ साली मागे घेण्यात आला. त्यानंतरच्या आराखड्याच्या वेळी मसुदा ग्रामपंचायतींकडे पाठवून गावांचे अभिप्राय मागवण्यात आले. तो आराखडाही २०१२ साली स्थगित झाला, पण गावाने आपला नकाशा स्वतः तपासण्याची सवय त्या काळात रुजली. कॅसलरॉक ते कुळे लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, तीही दीर्घ जनआंदोलनानंतरच.

दोन्ही प्रदेशांत आयोग, फेरसर्वेक्षण आणि न्यायालय यांनी जे काम केले, ते जिल्हा नियोजन समिती आणि ग्रामसभेत आधीच होऊ शकले असते. त्यासाठी प्रकल्पाचे किमान दोन पर्यायी मार्ग स्थानिक भाषेत, सर्व्हे क्रमांकांसह गावात लावले जावेत. आलेल्या प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर मिळावे आणि सेवा बंद करण्यापूर्वी पर्यायी सोय जाहीर व्हावी. श्योपूरच्या वाटेवरील गावकऱ्याची अपेक्षा याहून मोठी नाही. जुनी गाडी गेली तर नवी कधी येणार आणि आपल्या गावी थांबणार का, हे त्याला रूळ उखडण्यापूर्वी कळायला हवे.