चाकांवरील भारसंतुलन

वाहनाची जमिनीपासूनची उंची आणि प्रत्येक चाकावर येणारा भार स्प्रिंगच्या साहाय्याने जुळवण्याची क्रिया. ती मुख्यतः शर्यतीच्या मोटारींत करतात. सपाट जागी चार काटे मांडून, चालकाइतके वजन आसनावर ठेवून, टायरांतील हवा तपासून व अँटी-रोल बार सोडवून मोजणी होते.

समजा, १,००० किग्रॅ. मोटारीत पुढील डाव्या चाकावर ३००, उजव्यावर २८०, मागील डाव्यावर २०० व उजव्यावर २२० किग्रॅ. भार आहे. पुढील उजवे व मागील डावे या कर्णाचा वाटा ४८ टक्के होतो. यांपैकी एका कोपऱ्याची स्प्रिंगबैठक उंचावली की या कर्णावरची दोन्ही चाके जास्त भार घेतात, उरलेली दोन हलकी होतात. चाकामागे १० किग्रॅ. सरकले की कर्ण ५० टक्क्यांवर येतो आणि मोटार डाव्या-उजव्या वळणांवर सारखी वागते. पुढचा, मागचा, डावा व उजवा एकूण भार मात्र तेवढाच राहतो. तो बदलायला सामानच हलवावे लागते.

बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात बनणारी तीनचाकी आपे इथे फार उद्बोधक आहे. तीन टेकूंवरचा भार गुरुत्वमध्यावरून ठरतो. स्प्रिंग वर-खाली करून तो जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे इंदापूरचे पेरू-डाळिंब वाहताना संतुलन मालाच्या रचनेतच साधावे लागते. जड क्रेट मागच्या फळीला टेकवले, तर पुढचे चाक हलके होऊन स्टिअरिंगची पकड सुटते. ते केबिनलगत, तळाशीच रचावेत.