बैरागढच्या आणि वळिवड्याच्या बराकी



भोपाळहून उज्जैनच्या गाडीत बसलात की थोड्याच वेळात संत हिरदाराम नगर स्टेशन लागते. आपण अजून त्याला बैरागढच म्हणतो, आणि लग्नाचे कापड घ्यायला तिथेच जातो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे इटालियन युद्धकैदी ठेवले होते. कैदी गेले, फाळणी झाली आणि त्यांच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या बराकींचीही गोष्ट अशीच, फक्त तिथे आधी कैदी नव्हे, पोलंडचे निर्वासित राहत होते. सोव्हिएत राजवटीने १९४० पासून पूर्व पोलंडमधली लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेली. १९४१ साली हिटलर रशियावरच चालून गेला, तेव्हा त्यांची सुटका झाली. उपाशी, आजारी लोक इराणला पोचले. त्यांतले सुमारे पाच हजार १९४३ पासून वळिवड्यात राहिले. बहुतेक बाया, मुले आणि म्हातारी माणसे. पुरुष लढाईवर किंवा वाटेतच गेलेले.

छावणीत त्यांनी चर्च उभे केले, शाळा चालवल्या, नाटके बसवली. मुलांना पोलिश भाषा आणि पोलंडचा इतिहास शिकवला, कारण उद्या घरी जायचे होते. पण युद्ध संपले तेव्हा पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेलेला होता. ज्या घरासाठी मुलांची तयारी करून घेतली, ते घर आता परक्या देशात. त्या आयांनी ही बातमी मुलांना कशी सांगितली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९४८ मध्ये छावणी मिटली. काही जण पोलंडला परतले, पुष्कळ जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेले. रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले; आज ते गांधीनगर, आणि तिथेही कापडाचीच मोठी पेठ आहे!

वळिवड्यात वाढलेली मुले म्हातारपणी कोल्हापूरला परत येत राहिली. इंग्लंडात स्थायिक झालेल्यांनी आपल्या आठवणींचे जाडजूड पुस्तक केले. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. आणि काही जण कोल्हापूरच्याच मातीत आहेत.

दोन नोव्हेंबरच्या मिस्सासाठी आपण मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतो. यंदा माझ्या चिठ्ठीत आईबाबांच्या खाली एक ओळ जास्त होती: कोल्हापुरात पुरलेले पोलंडचे भाऊबहिणी.