‘ओ’लाही न जुळणारे रक्त

निगेटिव्ह गटाची गरोदर बाई पेणची असो की रोह्याची, डॉक्टर तिला ‘आयसीटी’ म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी करून आणायला सांगतात. बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध तिच्या अंगात अँटिबॉडी तयार झाली आहे का, हे त्यातून कळते. रक्त चढवण्यापूर्वीचे अँटिबॉडी स्क्रीनिंगही याच चाचणीवर चालते.

लँडस्टायनर, ए-बी-ओ, ऱ्हीसस हा रक्तगटांचा इतिहास शाळेतही शिकवतात. खरी गंमत पुढे आहे. काही अँटिबॉडी पेशींना चिकटतात, पण गुठळी घडवत नाहीत. नळीत काहीच दिसत नाही. १९४५ साली कूम्ब्स, मोरंट आणि रेस यांनी यावर तोड काढली. पेशी सलाइनने नीट धुवायच्या आणि मानवी ग्लोब्युलिनविरुद्धचे, सशात तयार केलेले सीरम घालायचे. ते चिकटलेल्या अँटिबॉडींना एकमेकींशी सांधते आणि गुठळ्या उमटतात. हेच तत्त्व इटलीच्या मोरेस्कीने १९०८ मध्येच मांडले होते, म्हणून काही जण श्रेय त्याला देतात. मला ते मान्य नाही. त्याचे तत्त्व कागदावर राहिले, कूम्ब्सने ते रुग्णाच्या कामी आणले.

पण या चाचणीच्या कुळात मोरेस्की आणि कूम्ब्सनंतर मी तिसरे घर धरतो, ते मुंबईतल्या परळचे. स्क्रीनिंगच्या पेशी ‘ओ’ गटाच्याच घेतात, कारण त्यांच्यावर ए आणि बी नसतात. ‘ओ’ सगळ्यांना चालतो, हा त्यामागचा भरवसा. १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईतली अशी माणसे नोंदवली, ज्यांचे सीरम ‘ओ’च्या पेशींनाही गोळा करत होते. नेहमीच्या तपासणीत ती ‘ओ’च वाटतात, पण त्यांच्या पेशींवर ‘एच’ हा पायाच नसतो. हाच बॉम्बे रक्तगट. त्यांना फक्त आपल्यासारख्याचेच रक्त चालते. नळीतल्या सगळ्याच पेशी पॉझिटिव्ह आल्या तर थांबून शोध घ्या, ही सवय आपल्याकडे या शोधाने रुजवली, असा माझा ठाम कयास आहे.

पुढे १९७३ मध्ये मुंबईतूनच ‘इंडियन’ रक्तगटाचा अँटिजेन पुढे आला. मुंबईकरांत तो सुमारे ४ टक्के, युरोपीय लोकांत फार दुर्मीळ. परदेशी दात्यांच्या पेशींपासून बनवलेल्या स्क्रीनिंगच्या संचात तो नसेल, तर त्याविरुद्धची अँटिबॉडी दिसणार कशी? म्हणून संच इथल्या दात्यांचाच हवा, हे मी आग्रहाने सांगतो. तसेच आयसीटी पॉझिटिव्ह गटाच्या गरोदर बायांचीही व्हावी; ‘डी’ सोडून ‘सी’, ‘केल’ यांच्याविरुद्धही अँटिबॉडी होतात आणि बाळाला बाधतात. क्रॉसमॅच काही केल्या जुळेना, तर रुग्णाचा नमुना परळच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहेमॅटोलॉजी संस्थेकडे पाठवायची विनंती नातेवाइकांनी जरूर करावी.