पुन्हा एन्कोड न करता डिस्क
सोनी आणि पॅनासॉनिक यांनी 2006 साली एव्हीसीएचडी हा आराखडा जाहीर केला, तेव्हाच घरगुती हाय-डेफिनिशन चित्रणाला डिस्कची वाट मोकळी झाली होती. मूळ चित्र जसेच्या तसे डिस्कवर नेण्याचे श्रेय सॉफ्टवेअरला दिले जाते; माझ्या मते ते आराखड्याचे आहे. कॅमेऱ्याची एमटीएस फाइल आणि ब्लू-रेची एमटूटीएस फाइल या दोन्हींत 192 बाइटांचीच पाकिटे असतात: 188 बाइट मजकूर, 4 बाइट वेळेची नोंद. चित्र एच.264, आवाज बहुधा डॉल्बी. त्यामुळे फक्त फोल्डरांची मांडणी आणि प्लेलिस्ट बदलली की काम होते. आधीच्या एचडीव्ही आराखड्याचे तसे नव्हते: तिथे एमपेग-2 चित्र चालायचे, पण आवाज बदलावा लागे.

कुणी म्हणेल, एकदा पुन्हा एन्कोड केल्याने डोळ्यांना काय कळते? एका वेळी क्वचितच कळते. पण कौटुंबिक चित्रण पुढच्या काळात पुन्हा पुन्हा नव्या माध्यमावर जाणार, आणि प्रत्येक फेरीत गेलेला तपशील परत येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: डीव्हीडीवर सेकंदाला 18 मेगाबिटांची मर्यादा होती, म्हणून 24 मेगाबिटांचे चित्रण तिच्यावर बसत नसे आणि 4.7 जीबीत त्या मर्यादेच्या पूर्ण वेगाचे जेमतेम 35 मिनिटे मावत. अशा चित्रणासाठी ब्लू-रे डिस्कच घ्यावी लागे.