आधी अ‍ॅम्प, मग बास

शिरूर-दौंडच्या जत्रेत ऑर्केस्ट्राबरोबर बास वाजवायचाय? मग आधी अ‍ॅम्प बघा. इतिहासच तसा आहे राव! बँडच्या गोंगाटात डबल बास ऐकूच जायचा नाही, म्हणून लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास काढला. पण नुसत्या गिटारीने काय होणार? १९५२ मध्ये बासमन अ‍ॅम्पही आणावा लागला.

जाड तार ४१ हर्ट्झची, साध्या गिटारच्या एक सप्तक खाली. चौफुल्याच्या संगीतबारीत चार भिंती असतात, ढोलकीचं मोठं तोंड पुरतं. उघड्या मैदानात खर्ज विरून जातो. आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात!

तेव्हा बास सेकंडहँड चालेल, अ‍ॅम्पात काटकसर नको. लाइट गेली की मात्र ढोलकीच जिंकते, हे मान्य :)