शब्द पोर्तुगीज, प्रथा जर्मन, रोप प्रशांत महासागरातले : कोकणातल्या ‘ख्रिसमस ट्री’चा प्रवास

१/ खालापूर तालुक्यातील लोधिवली हे जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरचे गाव. भोवतालच्या डोंगरांत साग, ऐन, आंबा, जांभूळ भरपूर. पण उत्तर सह्याद्रीच्या रानात देवदार-चीडसारखा एकही सूचिपर्णी वृक्ष आपोआप उगवत नाही. मग डिसेंबरात येथील एखादे कुटुंब ‘ख्रिसमस ट्री’ निवडायला निघाले, तर त्याच्या हाती लागणारे झाड नेमके कोठले?

२/ आधी शब्द. ‘नाताळ’ हा मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी जन्माचा अर्थ आहे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. या कॅथलिक परंपरेत नाताळची मुख्य सजावट म्हणजे येशूजन्माचा गोठा. त्याचा उगम इटलीतील ग्रेचो येथे संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये उभारलेल्या देखाव्याशी जोडला जातो. झाड या परंपरेचे नव्हे.

३/ झाड आले जर्मन भाषिक प्रदेशातून. १६०५ ची स्ट्रासबर्गची नोंद सांगते, की लोक दिवाणखान्यात झाड उभे करून त्यावर कागदी गुलाब, सफरचंदे आणि साखरेचे पदार्थ टांगत. त्यानंतर अवघ्या ११ वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. म्हणजे येशूजन्माची कथा मराठीत आली, तेव्हा सजवलेले झाड ही युरोपातही एका प्रदेशापुरती रीत होती.

४/ सर्व ख्रिस्ती पंथांना ती मान्य होती असेही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्यास ५ शिलिंग दंड होता. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या धर्मपरंपरेतले. मॅसॅच्युसेट्सने नाताळला अधिकृत सुटी दिली ती १८५६ मध्ये.

५/ इंग्लंडच्या राजघराण्यात झाड आणले जर्मन वंशाच्या राणी शार्लट यांनी, १८०० मध्ये. परंतु लोकप्रियता मिळाली ती एका चित्रामुळे. डिसेंबर १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि मुले टेबलावरील झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले. १८५० मध्ये एका अमेरिकन मासिकाने तेच चित्र राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसून छापले. राजघराणे नाहीसे झाले. उरले एक साधे कुटुंब.

६/ जुन्या जर्मन घरांत वडीलधारे बंद खोलीत झाड सजवीत आणि सायंकाळी दार उघडून मुलांना थक्क करीत. आई-वडील आणि मुले मिळून झाड सजवतात, ही पद्धत पुढे रुळली.

७/ ब्रिटिश राजवटीत मुंबई परिसरातील स्थानिक कॅथलिक समाज इंग्रजी जीवनशैलीच्या निकट आला. १८८७ मध्ये, व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्याने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नोकरीसाठी आलेल्या गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्तींहून आपण येथले भूमिपुत्र म्हणून वेगळे आहोत, हे त्याला दाखवायचे होते. गोठा आणि झाड एकाच घरात शेजारी बसले, ते या दोन राजवटींच्या वारशामुळे.

८/ पण कोकणात युरोपातील स्प्रूस आणायचा कोठून? किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी उत्तर शोधले : सुरूची फांदी. डब्यात वाळू भरून ती उभी करायची, वर हिम म्हणून कापूस पसरायचा. गंमत अशी, की सुरू सूचिपर्णी नाहीच. तो सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे पेरे असलेल्या बारीक हिरव्या डहाळ्या. पाने त्या पेरांवर खवल्यांएवढी.

९/ आज कुंडीत मिळणारे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणजे अरोकेरिया. १७७४ मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरील निसर्गतज्ज्ञांना न्यू कॅलेडोनियाजवळ दुरून उंच खांब दिसले. त्यांना ते बेसाल्टचे स्तंभ वाटले. जवळ गेल्यावर कळले, ती झाडे होती : कुक पाइन. त्याच वर्षी कुकला नॉरफोक बेटावर त्याचा भाऊबंद सापडला आणि जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी त्यावर ब्रिटिशांचा डोळा गेला.

१०/ म्हणून रोप निवडताना शेंडा पाहावा. तो मोडला असेल, तर झाडाची एकावर एक चढणारी मजल्यांची ठेवण बिघडते. फांद्या मऊ असल्याने जड सजावट टाळावी. सण संपला की झाड फेकू नये. मात्र घराला खेटूनही लावू नये, कारण मूळ बेटांवर ते ५० मीटरांहून उंच वाढते.

११/ नॉरफोक पाइन म्हणून विकली जाणारी अनेक रोपे प्रत्यक्षात कुक पाइन असतात. ओळखण्याची एक खूण आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच खंडांतील २५६ कुक पाइन मोजले गेले. ते सरासरी साडेआठ अंशांनी विषुववृत्ताकडे कललेले आढळले.

१२/ तेव्हा लोधिवली-खालापूरच्या वाटेवर एखाद्या आवारात उंच, किंचित दक्षिणेकडे झुकलेले अरोकेरिया दिसले, तर क्षणभर थांबावे. कदाचित कुठल्याशा डिसेंबरात कोणीतरी ते कुंडीतून घरी आणले असेल, मुलांनी त्यावर चांदण्या टांगल्या असतील आणि सण सरल्यावर जमिनीत लावले असेल. मुले मोठी होऊन पांगली असतील. झाड मात्र अजून विषुववृत्ताच्या दिशेनेच झुकले आहे.